तो पळस नव्हे, कोशिंब

'पळस पेटला, वसंत आला' असं लिहिलेला एका लालभडक झाडाचा फोटो गेले चार दिवस फिरतोय. मलाच तीनदा आला. वसंताची चाहूल खरी, पण झाड पळसाचं नाही. ते कोशिंब, काही जण कुसुंब म्हणतात. आणि लाल दिसतात ती फुलं नव्हेत, पालवी आहे.

फोटो मोठा करून बघा: तकतकीत लाल पानं जोडीजोडीनं खाली लोंबताहेत. कोवळ्या पानांत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, त्याचा हा रंग. पान जून होत गेलं की हिरवं होतं. कोशिंबाची खरी फुलं पिवळट-हिरवी, इतकी बारीक की जवळ गेल्याशिवाय दिसायची नाहीत.

पळस फुलतो तेव्हा बहुधा निष्पर्ण असतो. फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. देठाशी काळपट मखमली वाटी, बोट फिरवलं की लव लागते. पानं असलीच तर मोजा, तीनच.

त्याच मेसेजात 'कोकिळा गाऊ लागली' असंही आहे. कुहूकुहू करतो तो काळा नर; मादी ठिपक्यांची, तिचा आवाज नुसता किक्-किक्.