‘प्लगिन अपग्रेड केलं की जुने प्रोजेक्ट गेले’: या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या अरेंजर आणि रेकॉर्डिंगवाल्यांच्या ग्रुपांवर शिवजयंती नाहीतर गणपती तोंडावर आले की एक मेसेज हमखास फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सिंथचं प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडून वाद्यांचे आवाज काढणारा प्रोग्रॅम, अपग्रेड केलं की जुने प्रोजेक्ट (गाण्याच्या कामाच्या फाईली) उघडत नाहीत. उघडले तरी आवाज बदलतो. म्हणून एकदा सेटअप जमला की नेट काढा आणि पुन्हा कधी अपडेट करू नका. करायचंच असेल तर आधी जुनं साफ काढून टाका. मिडी (वाजवलेल्या सुरांची नोंद असलेली फाईल) काढून ठेवली की काळजी नाही. आणि प्लगिन ‘मिसिंग’ दिसलं तर प्रोजेक्ट गेला समजा.

आपल्या भागात जुना प्रोजेक्ट म्हणजे रद्दी नव्हे, म्हणून याला नीट उत्तर द्यायला हवं. वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत सजीव देखाव्यासाठी ट्रॅक केला की मंडळ दोन-तीन वर्षांनी पुन्हा दारात येतं. प्रसंग तोच असतो, निवेदन नवं हवं असतं, मंडळाचं नाव आणि पाहुण्यांची नावं बदलायची असतात, कधी सोबत कानडी आवाजही घालायचा असतो. मिरवणूक चार दिवसांवर आलेली असताना जुनी फाईल उघडली नाही, तर सगळं पहिल्यापासून वाजवायला वेळ कुणाकडे असतो?

‘अपग्रेड केलं की जुना प्रोजेक्ट उघडत नाही.’

हे सरसकट खोटं आहे. मेसेजची मुळातली गफलत इथेच असल्याने यावर जरा थांबू. प्रोजेक्टच्या फाईलमध्ये प्लगिन नसतंच. दुकानदाराच्या वहीत मालाची नोंद असते, माल गोदामात असतो, तसंच हे. फाईलमध्ये दोन गोष्टी असतात: प्लगिनची ओळख, म्हणजे बनवणाऱ्याने ठरवून दिलेला आयडी, आणि त्या वेळच्या सगळ्या सेटिंगचा एक गठ्ठा. पटत नसेल तर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा एखादा प्रोजेक्ट नोटपॅडमध्ये उघडून बघा, ती साधी टेक्स्ट फाईलच असते. सिंथच्या ट्रॅकपाशी गेलात की एका ओळीत प्लगिनचं नाव, त्याच्या डीएलएलचं (विंडोजवरच्या प्लगिनच्या फाईलचं) नाव आणि एक लांबलचक नंबर दिसेल. त्याखाली ओळीच्या ओळी अगम्य अक्षरं असतात. तोच तुमचा आवाज. तो गठ्ठा रीपर किंवा क्यूबेससारख्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, फक्त त्या प्लगिनला येतो.

आता अपग्रेडचे दोन प्रकार होतात. कंपनीने आयडी तोच ठेवला, तर नवं व्हर्जन जुन्याच्या जागी उभं राहतं आणि जुना गठ्ठा त्याला वाचावा लागतो. ऑम्निस्फिअर २ हे सिंथ २०१५ मध्ये आलं तेव्हा असंच झालं आणि पहिल्या ऑम्निस्फिअरवर केलेले प्रोजेक्ट त्यात उघडले. दुसऱ्या प्रकारात आयडी नवा असतो. सीरम या सिंथचं सीरम २ हे २०२५ मध्ये वेगळं प्लगिन म्हणून आलं, मॅसिव्हचं मॅसिव्ह एक्स २०१९ मध्ये तसंच आलं. तिथे जुना प्रोजेक्ट जुन्यालाच हाक मारतो, नव्याकडे बघतही नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात. मग ‘उघडत नाही’ ही ओरड येते कुठून? ती बहुतेक वेळा मेसेजच्याच पुढच्या सल्ल्यातून येते.

‘आधी जुनं पूर्ण काढा, मग नवं टाका.’

सगळ्या मेसेजमध्ये खरं नुकसान करणारं वाक्य हेच. आयडी वेगळा असेल तर जुनं काढल्याक्षणी जुन्या प्रोजेक्टचा आवाज बंद होतो, आणि दोष जातो नव्या व्हर्जनच्या नावावर. खडेबाजारात ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला त्याने हार्ड डिस्क मोकळी करायची म्हणून जुना कॉन्टॅक्ट (रेकॉर्ड केलेली वाद्यं वाजवणारं प्लगिन) उडवला, असं सांगणारे कितीतरी भेटतात. कॉन्टॅक्ट ६ आणि ७ एकाच मशीनवर सुखाने नांदतात. प्लगिन जागा खातं ती किरकोळ, खरी जागा सॅम्पल लायब्ररी, म्हणजे वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संच, खातात. आणि जुनी लायब्ररी दोन्ही व्हर्जनना एकच चालते.

आयडी तोच असेल तर दोन्ही व्हर्जन शेजारी ठेवता येत नाहीत. डीएलएलचं नाव बदलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात, पण आयडी फाईलच्या नावात नसतो, आत असतो. डीएडब्ल्यू, म्हणजे रीपर-क्यूबेससारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, बहुतेक वेळा दोघांतलं एकच उचलतं, आणि कुठलं उचललं ते तुम्हाला कळत नाही. इथे उपाय एकच: जुन्या व्हर्जनचा इन्स्टॉलर, व्हर्जन नंबरासकट, बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवा. तुमच्याकडे नसेल तर कंपनीच्या साइटवरच्या आपल्या खात्यात बघा, बऱ्याच कंपन्या तिथे जुने इन्स्टॉलर ठेवतात. टेलिग्रामवरून जुनं क्रॅक उतरवण्याचा सल्लाही याच मेसेजखाली कुणीतरी देतंच. ज्या मशीनवर दहा मंडळांचं काम आहे, तिथे कुणी भलत्यानेच छेडलेली फाईल चालवू नका.

‘उघडला तरी आवाज बदलतो.’

यात तथ्य आहे. मात्र ‘बदलतोच’ नाही, बदलू शकतो. फिल्टर, रिव्हर्ब नव्याने लिहिलेले असले की फरक पडतो. पण त्याहून जास्त फसवतं ते ऑटोमेशन, म्हणजे गाणं चालू असताना बटण आपोआप फिरावं म्हणून काढलेली रेघ. व्हीएसटी २ या जुन्या पद्धतीच्या प्लगिनमध्ये प्रत्येक बटण क्रमांकाने ओळखलं जातं. कंपनीने नव्या व्हर्जनमध्ये मधेच चार बटणं वाढवली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. आमच्याकडे एका राज्याभिषेकाच्या देखाव्याचा ट्रॅक होता. महाराज सिंहासनाकडे चालत जातात तेव्हा खालच्या पॅडचा (मागे लांबत राहणाऱ्या सुरांचा) फिल्टर आठ बारमध्ये हळूहळू उघडत जातो आणि मग तुतारी. नव्या व्हर्जनमध्ये पॅड शेवटपर्यंत दबलेलाच राहिला आणि सूर मात्र थरथरू लागला. फिल्टरसाठी काढलेली रेघ व्हायब्रेटोच्या बटणावर जाऊन बसली होती. रेघ उचलून योग्य बटणावर ठेवली, काम झालं. व्हीएसटी ३ या नव्या पद्धतीत प्रत्येक बटणाला कायमचा आयडी असल्यामुळे हा घोळ सहसा होत नाही.

फरक पडला की नाही, हे कानांवर सोडू नका. अपग्रेडच्या आधी तो ट्रॅक वेव्हमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाच्या फाईलमध्ये, काढून ठेवा. नंतर पुन्हा काढा, दोन्ही एकाखाली एक लावा आणि एकाचा फेज उलटा करा. दोन्हींनी एकमेकांना खोडून पूर्ण शांतता झाली तर आवाज जसाच्या तसा आहे. थोडं काही ऐकू आलं तर लगेच घाबरू नका: ज्या आवाजात ऑसिलेटर (सिंथमधले सूर निर्माण करणारे भाग) मोकळे फिरतात किंवा नॉइज असतो, तो एकाच व्हर्जनमध्ये दोनदा काढला तरी तंतोतंत सारखा येत नाही. अशा वेळी एकेक बार घेऊन ऐकावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

‘नेट काढा, कधीच अपडेट करू नका.’

एखादं काम हातात असताना अपडेट करू नका, इतकं म्हटलं तर मी सही करेन. पण ‘कधीच’ हे निभत नाही. क्यूबेस ९ ने २०१६ मध्ये जुन्या पद्धतीचे ३२ बिट प्लगिन बंद केले, एबलटन लाईव्ह १० ने २०१८ मध्ये, आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनाने ३२ बिट प्रोग्रॅमच चालवणं सोडलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुम्ही थांबलात तरी मशीन थांबत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात विजेच्या एका झटक्यात मदरबोर्ड गेला, की दहा वर्षांची सगळी अपडेट एकाच दिवशी अंगावर येतात. शिवाय जुन्या मशीनवर नोंदवलेलं लायसन्स सोडवायचं राहिलेलंच असतं.

आणखी एक अडचण एकट्याची नाही, दोघांची आहे. निपाणीत बसून अरेंजर कॉन्टॅक्ट ७ मध्ये सेव्ह करतो आणि शहापुरातल्या मिक्सिंगवाल्याकडे ६ असतो. ७ मध्ये सेव्ह केलेली इन्स्ट्रुमेंटची फाईल ६ मध्ये उघडत नाही, ६ मधली ७ मध्ये मात्र उघडते. काम सुरू होतानाच फोनवर व्हर्जन विचारून घ्या.

‘मिडी काढून ठेवली की पुरे.’

नाही पुरत. मिडीत सूर, वेळ, जोर असतो, आवाज नसतो. प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून २४ बिट वेव्हमध्ये काढा, सिंथचा प्रीसेट (जमवलेल्या आवाजाची सेटिंग) वेगळ्या फाईलमध्ये सेव्ह करा, आणि मिडी त्यांच्या सोबत ठेवा.

‘मिसिंग दिसलं म्हणजे प्रोजेक्ट गेला.’

वर सांगितलेला गठ्ठा आठवा. प्लगिन सापडलं नाही तरी तो फाईलमध्येच असतो. रीपर तर प्लगिन नसतानाही त्याची सेटिंग धरून ठेवतो आणि पुन्हा सेव्ह करताना जशीच्या तशी लिहितो. पण सगळी सॉफ्टवेअर इतकी जपतीलच असं धरून चालू नका. मिसिंगची यादी आली की ती लिहून घ्या, सेव्ह न करता बंद करा आणि मूळ फाईलची कॉपी करून पुढचं सगळं त्या कॉपीवर करा. यादीत प्लगिनचं नाव आहे की सॅम्पलचं, ते नीट वाचा. सॅम्पल असेल तर बहुतेक वेळा बाहेरची डिस्क ई ड्राईव्हऐवजी एफ झालेली असते, फोल्डर दाखवला की वाजतं. प्लगिन असेल तर त्याच नंबरचा इन्स्टॉलर टाका, डीएडब्ल्यूला पुन्हा स्कॅन करायला लावा आणि कॉपी उघडा. ट्रॅक डिलीट करून नव्याने प्लगिन लावायची घाई करू नका, कारण त्या ट्रॅकसोबत सेटिंगचा गठ्ठाही पुसला जातो.