जेंटी २१४ गुणांनी हरला

कोल्हापूरकराला फुटबॉल म्हटलं की पाटाकडील-दिलबहार या संघांची लढत आठवते. मी राहतो त्या अमेरिकेतल्या बॉयझीत फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात, कॉलेजचं मैदान चक्क निळं आहे, आणि २०२४च्या हिवाळ्यात अख्खं गाव एकाच पोरानं वेडं केलं होतं: ॲश्टन जेंटी. चेंडू काखेत मारायचा, अंगावर आलेल्या दोघा-तिघांना झटकायचं आणि सुटायचं. १३ सामन्यांत चेंडू घेऊन २,४९७ यार्ड धावला.

तरी १४ डिसेंबरला हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडूचा मान, कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरनं नेली. माझ्या शेजारच्या आजोबांचा राग साधा होता: "आमचे सामने सुरू होतात तेव्हा पूर्वेकडचे पत्रकार घोरत असतात."

मत देणारे बहुतेक पत्रकारच. देशाचे सहा विभाग, प्रत्येकी १४५, म्हणजे ८७०. शिवाय हयात असलेले जुने विजेते आणि प्रेक्षकांचं मिळून एक मत. प्रत्येकानं तीन नावं क्रमानं द्यायची, त्यांना ३, २ आणि १ गुण. हंटरला २,२३१, जेंटीला २,०१७. पहिल्या पसंतीची मतं ५५२ विरुद्ध ३०९. सगळा हिशेब जाहीर.

ही पद्धत न्यायाची आहे असं मात्र कुणी समजू नये. १९५६ साली दोन सामने जिंकून आठ हरलेल्या नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला ट्रॉफी मिळाली आणि कृष्णवर्णीय जिम ब्राऊन पाचवा आला. कृष्णवर्णीय विजेता पहिल्यांदा दिसला तो १९६१ला, एर्नी डेव्हिस. मुख्यतः बचावात खेळणारा विजेता म्हणजे १९९७चा चार्ल्स वूडसन. बाकी बहुतेक वर्षी चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक नाहीतर तो घेऊन धावणारा रनिंग बॅक. मतदानही मोसमाच्या शेवटच्या लढतीआधीच उरकतं. जेंटी शेवटी २,६०१वर थांबला. एका मोसमात सर्वाधिक धावण्याचा बॅरी सँडर्सचा १९८८चा विक्रम २,६२८चा. २७ यार्ड कमी पडले.

हंटर मात्र आक्रमणातही खेळला आणि बचावातही, आणि त्या वर्षीचे सर्वोत्तम रिसीव्हर (चेंडू झेलणारा) आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही पुरस्कार त्यालाच मिळाले. ट्रॉफी योग्य हातात गेली असं माझं मत आहे. बॉयझीत ते मी मोठ्यानं बोलत नाही.

त्याच महिन्यात आमच्या कोल्हापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मनू भाकरवरून वाद पेटला होता. पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं मिळवूनही तिचं नाव खेलरत्नच्या शिफारशीत नसल्याच्या बातम्या आल्या. यादी अजून पक्की नाही, असा खुलासा झाला. अर्ज भरताना आपल्याकडूनच चूक झाली असावी, असं तिनं स्वतः लिहिलं. आणि २ जानेवारीच्या यादीत तिचं नाव आलं. आपल्या स्वप्नील कुसाळेलाही त्याच यादीत अर्जुन मिळाला, म्हणून ग्रुप लगेच शांत झाला. पण आधी नाव का नव्हतं? समितीत कोण काय म्हणालं? ते बंद दाराआड. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असले म्हणून दार उघडं होत नाही.

जेंटीचे चाहते चिडले, पण किती गुणांनी आणि कुठल्या मतांनी हरलो हे त्यांना ठाऊक होतं. भांडायला आकडा हातात होता. मी ग्रुपवर लिहिलं, खाशाबा जाधवांचं बघा. हेलसिंकीचं कांस्य १९५२चं, अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ला, खाशाबा गेले १९८४ला, आणि अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. मधल्या २३ वर्षांत ते कुणाच्या मागे राहिले? किती मतांनी?

कराडचा मित्र, खाशाबांच्या गोळेश्वरला सायकलवर जाणारा. त्याचं उत्तर आलं: "मतं कसली घेऊन बसलाय गड्या. आधी सांग, त्यांचा अर्ज कुणी भरायचा होता?"