ऐपतीचा दाखला

"ऐपतीचा दाखला? कोन आतमंदी हाये?" सेतू केंद्रातल्या पोट्ट्याने मान वर न करता विचारलं. आमच्या तालुक्यात हा दाखला लोक ठेक्यासाठी काढतात नाहीतर जमानतीसाठी, आणि मी काही ठेकेदार दिसत नाही. "आत कोणी नाही, मला अमेरिकेला जायचंय," म्हणालो. सगळी रांग हसली.

बायको अमेरिकेची नागरिक, नोकरीही तिकडेच. मी यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीन-तुरीत. मला न्यायचं तर तिने आय-८६४ नावाच्या फॉर्मवर लिहून द्यायचं, की या माणसाला मी पोसीन. त्यासाठी तिचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट हवं. २०२५ च्या तक्त्यात दोघांच्या घराला २६,४३७ डॉलर, तिघांच्या घराला ३३,३१२. मध्ये मुलगा झाला. रेषा वर सरकली, आणि नेमकी तेव्हाच बायको बिनपगारी रजेवर. १९९३ च्या त्यांच्या कायद्याने मोठ्या कंपनीत १२ आठवडे रजा मिळते, नोकरी शाबूत राहते, पगाराचं मात्र नाव काढायचं नाही. आमच्या झेडपीच्या मॅडमना १८० दिवस भरपगारी! उत्पन्न कमी पडलं तर तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते, माझी असली तरी चालते. म्हणून मी रांगेत.

मागे एक काकाजी होते, खांद्यावर दुपट्टा, हातात राशन कार्डाची पिशवी. त्यांना उत्पन्न कमी दाखवायचं होतं, त्यामुळे माझी केस त्यांना फारच रंजक वाटली.

"म्हन्जे बायको तुमाले पोसनार?"

"कागदावर, काकाजी."

"अन् पोट्ट्याले?"

"त्यालाही."

"मंग तुमी काय करान?"

या उत्तरासाठी मागच्या बायांनीही बोलणं थांबवलं.

"अन् बाई बाळंत झाली तं पगार बंद?" काकाजींना आता माझ्यापेक्षा अमेरिकेचा राग आला होता. "असं कसं सरकार बाप्पा! गाय व्याली तं आपन ढेप वाढवतो, हे काढून घेते!"

तिकडचा दुसरा जामीनदारही चालतो, असं मी सांगितलं मात्र, काकाजींचा चेहरा पडला. भाच्याच्या ट्रॅक्टरला त्यांनी सही दिली होती. ट्रॅक्टर बँकेने ओढून नेला, भाचा पुण्याला गेला, नोटीस काकाजींच्या घरी. ती त्यांनी पिशवीतून काढून दाखवलीसुद्धा, हळदीचा डाग पडलेली. "हे जमानत किती दिवस राह्यते?"

मी तिथला नागरिक होईपर्यंत, किंवा माझ्या कामाच्या ४० तिमाह्या मोजल्या जाईपर्यंत. दहाएक वर्षं धरा.

"अन् काडीमोड झाला तं?"

"तरी सुटत नाही."

काकाजींनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "आपल्याकडे सात जनम म्हंतेत, पर लिहून कोनी देत नाही."

जामीनदार आहे हो, सासरे आहेत. एका पायावर तयार आहेत, आणि तेच मला नको आहे. लग्नातच ते म्हणाले होते, "शेतीत काय ठेवलंय?" आता त्यांच्याच सहीवर विमानात बसू?

पण शेतीत खरंच काय ठेवलंय ते सातबारा सांगतो. त्यावर अजून आजोबा आहेत, दोन काका आहेत, एक आत्या आहे, सामाईक विहीर आहे. आणि नियम म्हणतो, मालमत्ता वर्षाच्या आत विकून पैसा व्हायला हवा. इथे वर्षात वारसनोंद होत नाही! पांदण रस्त्याचा वाद तर वेगळाच.

हसतो खरा, पण चीड येते. पोर झालं म्हणून घर गरीब ठरलं, आणि घर गरीब म्हणून पोराच्या बापाला दारात थांबवलं. तिथे ती एकटी रात्र रात्र जागते, आणि तो फोनवर माझं नाक पकडायला जातो आणि कॉल कापतो.

रात्री सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, कागद पाठवा, सही करून टाकतो."

म्हटलं, दाखला येऊ द्या आधी. तलाठ्याच्या अहवालासाठी अडकलाय.