कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवणं खरंच स्वस्त पडतं का?

ऑफिसच्या ग्रुपांवर हा मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो: ‘कॉम्प्युटर सुरू होताना एवढी वीज खेचतो की तेवढ्यात तो रात्रभर चालला असता. रोज बंद-चालू केल्याने हार्ड डिस्कही जाते. घरी जाताना फक्त स्क्रीनसेव्हर लावा.’

‘सुरू होताना वीज जास्त लागते’

यात खऱ्याचा एक कण आहे. पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) रिकामा असेल, तर स्विच दाबताच काही मिलिसेकंद प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट उसळतो. पण बिल येतं ते ऊर्जेचं, उसळीचं नाही. ४०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरला की त्यात सुमारे २१ ज्यूल साठतात. तेवढेच उष्णतेत वाया गेले असं धरलं, तरी ५० वॅटवर नुसता बसून असलेला कॉम्प्युटर एका सेकंदाच्या आत तितकी ऊर्जा खातो. शिवाय भिंतीवरचं बटण चालूच असेल, तर शट डाउननंतरही तो कपॅसिटर भरलेलाच राहतो, म्हणजे सकाळी उसळीचाही प्रश्न नाही.

राहिलं बूट होणं. १०० वॅटने एक मिनिट धरा: १.७ वॅट-तास. नुसतं चालू राहण्याची जेमतेम दोन मिनिटं! याउलट कॉम्प्युटर ५० वॅट आणि मॉनिटर २० वॅट धरले, तर १४ तासांच्या रात्रीला ९८० वॅट-तास, म्हणजे जवळपास एक युनिट. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, ६२ तासांचे ४.३ युनिट. खोलीत एसी चालू असेल, तर ही उष्णता बाहेर काढायचा खर्च वेगळा.

‘हार्ड डिस्क जाते’

डेस्कटॉपच्या डिस्कना सुरू-बंद होण्याच्या किमान काही दहा हजार फेऱ्यांची क्षमता दिलेली असते. दिवसातून दोनदा, वर्षाचे २५० दिवस म्हटलं तरी ५०० फेऱ्याच होतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, तर फिरणारा भागच नाही.

‘स्क्रीनसेव्हर लावा’

स्क्रीनसेव्हर आला तो जुन्या मॉनिटरच्या काचेच्या नळीवर एकच चित्र कायमचं उमटू नये म्हणून. एलसीडी मॉनिटरमध्ये चित्र काळं असलं तरी मागचा दिवा बहुधा जळतच असतो, आणि त्रिमितीय नक्षी नाचवणारा स्क्रीनसेव्हर ग्राफिक्स चिपला उलट कामाला लावतो. त्यापेक्षा १० मिनिटांनी डिस्प्ले बंद आणि २० ते ३० मिनिटांनी स्लीप हे सेटिंग ठेवा. स्लीपमध्ये डेस्कटॉप साधारण १ ते ३ वॅट घेतो.

खरी अडचण पुढे येते: सेटिंग करूनही मशीन झोपत नाही. कारण बहुतेक वेळा एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) त्याला जागं धरून असतो. ब्राउझरमध्ये चालू राहिलेला व्हिडिओ, उघडं प्रेझेंटेशन, ऑडिओ ड्रायव्हर ही नेहमीची मंडळी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘powercfg /requests’ हा आदेश दिला की अडवणाऱ्याचं नाव दिसतं. झोपून लगेच उठत असेल तर ‘powercfg /lastwake’. त्यात नेटवर्क कार्ड निघालं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच (मशीन उठवण्यासाठी नेटवर्कवरून पाठवलेल्या खास संदेशाने) जागं कर’ अशा अर्थाचा पर्याय निवडा. रात्री अपडेट टाकणाऱ्या आयटीवाल्यांचीही त्यामुळे अडचण होत नाही: वेक-ऑन-लॅनने, म्हणजे तेच पॅकेट पाठवून, ते मशीन उठवू शकतात, त्यासाठी सगळी मशीन रात्रभर जागी ठेवायची गरज नाही. सर्व्हर आणि बॅकअपच्या पेट्या अर्थातच यातून वगळायच्या.

‘मग सगळंच भिंतीवरून बंद करा’

हे मूळ मेसेजात नाही, पण उत्तरांत हमखास येतं. लेझर प्रिंटर आधी स्लीपवर टाका. त्यातला टोनरची भुकटी वितळवून कागदावर बसवणारा फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि ‘रेडी’ अवस्थेत गरम ठेवला जातो, वीज जाते ती तिथे. इंकजेट मात्र भिंतीवरून कधी बंद करू नका. त्याच्याच बटणाने बंद केला की शाई सोडणारं हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. त्याआधीच वीज तोडली तर शाई वाळते, आणि पुढची सफाई महागड्या शाईनेच करावी लागते.