करदात्यांच्या पैशातून नशा?

अमेरिकेतल्या काउंट्या (म्हणजे तिथले जिल्हे) आणि शहरं ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्या, व्यसनावरच्या उपचारांना पैसा देतात, त्यावर एक मजकूर जोरात फिरतोय. सार एवढंच: हा करदात्यांचा पैसा, तो एक नशा सोडवून दुसरी लावण्यात जातो, त्यापेक्षा व्यसनी माणसांना महिनाभर तुरुंगात कोंडून ठेवा, व्यसन आपोआप सुटेल, आणि काहीही करा, ही माणसं पुन्हा घसरणारच.

करदात्यांचा पैसा? सगळा नाही. ओपिऑइडची साथ पसरवल्याच्या खटल्यांत तीन बडे औषध वितरक आणि औषध कंपनी जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याबरोबर २०२१-२२ मध्ये सुमारे २६ अब्ज डॉलरची तडजोड झाली. वितरकांचे हप्ते १८ वर्षं येत राहणार आहेत. त्यातली किमान ८५ टक्के रक्कम या साथीच्या निवारणावरच खर्च करायची, अशी अट आहे. ती उगाच घातलेली नाही. सिगारेट कंपन्यांबरोबरच्या १९९८ च्या तडजोडीचा पैसा कित्येक राज्यांनी अंदाजपत्रकातली भोकं बुजवायला वापरला होता.

दुसरी नशा? मेथाडोन हे व्यसनावरचं औषध देणाऱ्या केंद्राच्या खिडकीशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी हा समज ढिला होतो. रुग्ण येतो, छोट्या कपातलं औषध नर्ससमोर पितो, नर्स त्याला दोन शब्द बोलायला लावते (तोंडात धरून बाहेर नेऊ नये म्हणून), आणि तो कामाला निघून जातो. मेथाडोनचा असर सावकाश चढतो आणि दिवसभर टिकतो. डोस नीट बसला की झिंग येत नाही आणि टर्कीही (नशा न मिळाल्यावर होणारा त्रास) लागत नाही. ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या औषधाचा परिणाम तर एका मर्यादेपुढे फारसा वाढतच नाही. ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत.

आता ‘कोंडा’वाला मुद्दा. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते, कारण ऐकायला तो घरातल्या वडीलधाऱ्याच्या सल्ल्यासारखा वाटतो. महिनाभर औषधाविना ठेवलं की अंगाची सवय मोडते, तलफ मात्र तशीच राहते. बाहेर पडलेला माणूस पूर्वीचाच डोस घेतो. तो आता त्याला पेलत नाही, श्वास मंदावतो आणि थांबतो. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट निघाला. शिवाय काउंटीचा तुरुंग काउंटीच्याच खर्चाने चालतो, म्हणजे ‘पैसा वाचवा’ म्हणणाऱ्यांच्या हाती यातून वाचलेलं काहीच लागत नाही.

घसरणारच? बरेच घसरतात, खरं आहे. पण मेथाडोन चालू असताना दर हजार रुग्णांमागे वर्षाला साधारण ११ मृत्यू होतात, आणि हे औषध बंद झाल्यावर ३६. हे आकडे अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडले गेले.

मजकुराची एक तक्रार मात्र रास्त आहे: हिशेब दिसत नाही. तडजोडीचा पैसा काही ठिकाणी पोलिसांच्या गाड्यांवरही गेला आहे. काउंटी बोर्डाच्या बैठका लोकांना खुल्या असतात. आलेला हप्ता कुठल्या खात्यात पडला, हे तिथे उभं राहून विचारता येतं.