कच्च्या आवाजाचा अल्बम: काही घातक सूचना

तुमच्या बँडला आता 'तो' अल्बम करायचा आहे. जुने चाहते 'विकले गेले लेकाचे' म्हणून पाठ फिरवतात आणि नव्यांना तुमचं आधीचं एकही गाणं ठाऊक नसतं, तो अल्बम. उत्तम. सुरुवात तालीम टाळण्यापासून करा. तालमीने उत्स्फूर्तपणा मरतो, हे ज्यांनी कधी तालीम केली नाही ते सगळे छातीठोकपणे सांगतात.

दाखल्यादाखल निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम पुढे करा. तीन पोरं स्टुडिओत घुसली, बोंबलली आणि इतिहास झाला, एवढंच सांगा. १९९०च्या एप्रिलमध्ये मॅडिसनच्या स्मार्ट स्टुडिओत अल्बमाचा निर्माता बुच व्हिग याच्याबरोबर त्यातली बरीच गाणी आधी एकदा रेकॉर्ड झाली होती, 'पॉली' हे गाणं तर तिथलंच उचलून अल्बमात घातलं, १९९१च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या साउंड सिटीत टेप फिरायला लागण्यापूर्वी व्हिग बँडच्या तालमींना हजर होता, असले तपशील वगळा. दंतकथेचा रंग जातो.

बजेटचा प्रश्न आला की 'ब्लीच'चं बिल फडकवा: ६०६ डॉलर १७ सेंट. निर्वाणाच्या या पहिल्या अल्बमाचे पैसे जेसन एव्हरमनने भरले होते आणि त्याने त्यात एकही सूर वाजवलेला नसताना अल्बमावर गिटारवादक म्हणून त्याचं नाव आलं. तेव्हा वाजवू न शकणारा पण पैसे बाळगून असलेला मित्र आजच हेरून ठेवा. फार पैसे हाताशी असतील तर उलट टोक गाठा. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडने 'लव्हलेस' हा अल्बम दोन वर्षांहून जास्त काळ, १९ स्टुडिओंमध्ये केला. अल्बम अजरामर झाला आणि रेकॉर्ड कंपनीने बँडला नारळ दिला.

आता ड्रम. जुनेच ड्रमहेड (ड्रमवर ताणलेलं कातडं) ठेवा, मध्यभागी खळगा पडलेले असतील तर फारच छान. कडेच्या बोल्टांचा ताण एकसारखा करण्याच्या फंदात पडू नका. प्रत्येक बोल्टपासून दोन बोटं आत टकटक करून सूर जुळवणारे लोक रसिक नसतात, कारकून असतात. ताण वरखाली राहिला की टॉम-ड्रमच्या प्रत्येक ठोक्यामागे एक कण्हणारी शेपूट येते. इंजिनिअर ती इक्वलायझरने कापायला जाईल, शेपटीबरोबर ड्रमही कापला जाईल आणि उरेल तो पुठ्ठ्याचा आवाज. त्याला तुम्ही 'लो-फाय', म्हणजे मुद्दाम ओबडधोबड ठेवलेला आवाज, म्हणायचं.

स्नेअर ड्रमला वरून एक आणि खालून एक माइक लावा. वरच्या माइकपासून कातडं दूर जातं तेव्हा खालच्याकडे खालचं कातडं जवळ येत असतं, म्हणून शहाणे लोक खालच्या माइकची पोलॅरिटी (संकेताची अधिक-उणे दिशा) उलटी करून पाहतात आणि ज्यात आवाज भरदार लागेल ते ठेवतात. तुम्ही ते बटण दाबू नका. दोन्ही माइक एकमेकांचा आवाज खातील आणि एवढ्या ताकदीने मारलेला स्नेअर चिमटीत धरल्यासारखा येईल. ओव्हरहेड, म्हणजे ड्रमसेटच्या वर टांगलेले दोन माइक स्नेअरपासून मोजून समान अंतरावर लावणं हाही असाच किरकोळ हट्ट आहे. एक माइक ३४ सेंटीमीटर लांब राहिला तर आवाज त्यात साधारण १ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा गाभा गळून पडतो. मोजायला एक दोरी पुरते, पण रॉक बँडने दोरी घेऊन फिरणं शोभत नाही.

क्लिक ट्रॅक, म्हणजे हेडफोनमधली वेग धरणारी टिकटिक, अर्थातच हराम. 'नेव्हरमाइंड'मधल्या 'लिथियम'चा वेग वाजवताना वाढत चालला म्हणून व्हिगने निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोलला क्लिक लावून वाजवायला सांगितलं, हे ड्रमरच्या कानावर जाता कामा नये. घ्यायचीच वेळ आली तर हेडफोनमध्ये क्लिक इतकी मोठी ठेवा की शेवटच्या झांजेचा नाद विरत असताना ती टिकटिक माइकमध्ये स्वच्छ उतरेल.

गिटारच्या तारा सत्राच्या दिवशी सकाळी बदला आणि ताणून न बसवता थेट रेकॉर्डिंगला बसा. तार प्रत्येक टेकगणिक उतरत जाईल, त्यामुळे पहिलं कडवं आणि तिसरं कडवं वेगवेगळ्या पट्टीत मिळतील. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार नुसती स्पर्शून काढलेला सूर) जुळतो का, हे बघू नका. दाबलेला सूर चढा लागला तर सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घ्यावं लागतं. स्क्रू ड्रायव्हर शोधण्यातच तुमची बंडखोरी संपेल.

मग गेन (ॲम्प्लिफायरमध्ये शिरणाऱ्या आवाजाची ताकद) पूर्ण वाढवा. विकृतीत (डिस्टॉर्शनमध्ये) दोन सूर मिसळले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे तिसरे-चौथे सूर तयार होतात. मूळ सूर जरासे हललेले असले तर या पोटसुरांचा चिखल होतो. म्हणून तर इतके लोक पॉवर कॉर्डवर (मूळ सूर आणि पंचम, एवढ्यावरच) भागवतात आणि थर चढवताना प्रत्येक थराचं गेन कमीच ठेवतात. तुम्ही सहाही तारांचा कॉर्ड दणकून वाजवा. भिंतीसारखा रुंद आवाज हवा असेल तर एकच टेक कॉपी करून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका. तो रुंद अजिबात होणार नाही, मधोमधच बसेल, फक्त मोठा होईल. पण पुन्हा वाजवण्याचे कष्ट वाचले! दोन वेगळ्या टेकमधल्या बारीकसारीक चुकांमुळेच रुंदी येते, हा निसर्गाचा खोडसाळपणा आहे.

गायकाला एकच टेक द्या. दुसरा मागितला तर कलेचा अपमान झाल्याचा चेहरा करा. निर्वाणाचा गायक कोबेन यालाही आवाज दुहेरी करणं, म्हणजे तीच ओळ पुन्हा गाऊन पहिलीवर चढवणं, खोटं वाटायचं. बीटल्सचा लेनन तसं करायचा, असं व्हिगने सांगितल्यावर तो गायला. तुमच्या गायकाला लेनन मान्य नसेल अशी आशा करू या.

राग आला की गिटार फोडा, ते परंपरेला धरूनच आहे. फक्त टेप चालू असू द्या. 'लिथियम' जमेना म्हणून चिडून वाजवलेल्या आणि गिटार फुटून संपलेल्या गोंधळाचं 'एंडलेस, नेमलेस' हे गाणं झालं, आणि ते मास्टरिंगमधल्या (छपाईआधीची अंतिम प्रत तयार करतानाच्या) चुकीमुळे 'नेव्हरमाइंड'च्या पहिल्या प्रतींतून वगळलंही गेलं.

मिक्सिंगला सगळ्यांनी एकत्र बसा आणि प्रत्येकाने आपापला फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची पट्टी) वर न्या. मास्टरिंगवाल्याला सांगा: −७ लफ्स (LUFS, आवाज किती मोठा भासतो ते मोजण्याचं एकक), त्याखाली बोलायचं नाही. या जातीच्या संगीताचा सगळा डाव हळू कडवं आणि फुटणारं ध्रुवपद यांच्या फरकावर चालतो. लिमिटरने (आवाजाला वरची मर्यादा घालणाऱ्या यंत्राने) कडवं वर खेचलं आणि ध्रुवपद छताला चेपलं की फुटायला काही उरतच नाही. वर स्पॉटिफायवर साध्या सेटिंगमध्ये गाणी −१४ लफ्सच्या आसपास आणली जातात, म्हणजे तुमचा अल्बम ७ डेसिबलने खाली येणार. शेजारच्या बँडइतकाच मोठा, फक्त सपाट. व्हायनिल तबकडी काढणार असाल तर सर्वांत झणझणीत गाणं बाजूच्या शेवटी ठेवा. आतल्या खाचेत सुईखालून रेकॉर्ड सरकण्याचा वेग कमी पडतो, झांजा आणि 'स'कार तिथे फाटतात. शेवटाला संथ गाणं ठेवणारे भित्रे असतात.

कराराचं वाचन वकिलावर सोडू नका, कुणावरच सोडू नका. आगाऊ रक्कम म्हणजे बक्षीस, असंच समजा. २ लाख डॉलर उचलले आणि ते तुमच्या १२ टक्के रॉयल्टीतून वळते होणार असतील, तर साधारण १६ लाख ६७ हजार डॉलरची विक्री होईपर्यंत तुमच्या हाती सेंटही येत नाही. व्हिडिओ आणि दौऱ्याचा खर्चही त्याच खात्यात चढवला असेल तर आकडा आणखी पुढे सरकतो. गाण्यांतल्या हिश्श्यांचं मात्र आत्ता काहीच लिहून ठेवू नका, मित्रांमध्ये कागद कशाला? 'नेव्हरमाइंड' गाजल्यावर कोबेनने गीत-संगीताच्या मानधनाची वाटणी बदलून मागितली, तीही मागील तारखेपासून. तुम्हीही थांबा, चर्चा तेव्हाच करा. त्या वेळी प्रत्येकाकडे आपापला वकील असेल.