विषय जरा हलका ठेवा म्हणे

सकाळी हॉलवाल्यांचा फोन. "ताई, ते मानवाधिकारांचे पिक्चर राहू द्या ना. विषय जरा हलका ठेवा. भावगीतं ठेवा, हॉल लगेच देतो." तेव्हापासून डोकं तापलंय.

जिनिव्हात २००३ पासून मानवाधिकार फिल्म महोत्सव भरतो, तोही मुद्दाम मार्चमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेचं अधिवेशन चालू असताना. फिल्म संपली की दिवे लागतात आणि वाद सुरू. तोच खरा कार्यक्रम! प्रागचा महोत्सव तर १९९९ पासूनचा. आपल्याकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसेल तर महोत्सवासाठी आधी दिल्लीहून सूट आणा. २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात माहितीपटकार आनंद पटवर्धनांचा 'विवेक' दाखवायला हायकोर्टात जावं लागलं. आपल्या इंदूरला कोर्टाचीही गरज नाही, एका फोनमध्ये काम होतं.

मागे मैत्रिणीकडे आम्ही नर्मदा खोऱ्यावरचा एक माहितीपट लावला होता. धार जिल्ह्यातल्या निसरपूरचे एक काका आले होते. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर धरण पहिल्यांदा पूर्ण, १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, त्यात त्यांचं गाव बुडालं. काका पडद्याकडे कमी आणि आमच्याकडेच जास्त बघत होते. फिल्म संपली, कोणी बोलेना. मग कोणीतरी घाईघाईने कचोऱ्या पुढे केल्या. काकांनी प्लेट हातात घेतली आणि विचारलं, "आपके यहाँ पानी कहाँ से आता है?"

जलूदहून येतं. सत्तरेक किलोमीटरवरून, नर्मदेचंच. जलूदच्या पंपांचा आणि त्या धरणाचा थेट संबंध नाही, मान्य. पण त्या खोलीत हे सांगायची एकाचीही छाती झाली नाही.

आणि आपणच पॅलेस्टाईनवरची, इराणवरची फिल्म बघून रडतो, स्टेटस टाकतो. बघावीच, माझं काही म्हणणं नाही. पण धार जिल्ह्यातलं गाव आलं की विषय "जड" कसा होतो रे? सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवतो ना आपण? मग प्रश्नही घंटागाडीत टाकून द्यायचे?

नणंद म्हणते, दाखवून होतं काय? बरोबर आहे, फिल्मने पाणी उतरत नाही. पण त्या काकांनी प्लेट तशीच खाली ठेवली होती, आणि ती उचलताना मैत्रिणीच्या सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. गावात घर केवढं होतं, कडुलिंब होता का, गुरांचं काय केलं, सगळं विचारत राहिल्या. तासभर. ज्या सासूबाई एरवी आमच्या असल्या "धंद्यांवर" नाक मुरडतात, त्या.

हॉलवाल्या दादांवर आता तितका राग नाही. पगारी माणूस, वरून सांगितलं असणार. वरच्यांवर मात्र आहे, आणि राहील.

तर हॉल गेला खड्ड्यात. रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर या. फिल्मनंतर अर्धा तास बोलायचं, खाणं त्यानंतर. काकाही येतायत. प्रोजेक्टर मिळालाय, पण आमचा एक स्पीकर फुटलाय. कोणाकडे बरा असेल तर आजच कळवा.